होडीचे यंत्र मागे न्यावे काय?

(लोहा येथे ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



विद्या, विवाह, वसतिगृह आणि वर्गणी ह्या चार विषयांवर बोलावे असा आपल्या मेळाव्याचा प्रघात आहे. ते विषय महत्त्वाचे खरेच; परंतु त्यांवर माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी आज सकाळपासून पुष्कळ सांगितले आहे. म्हणून कार्यकारी मंडळाच्या अनुज्ञेने मी एक निराळा विषय घेतला आहे. तो किंचित रूक्ष आहे, पण आपल्यापैकी कित्येक कुटुंबांच्या जीविताशी त्याचा संबंध आहे.

धरणाच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्या आपल्या तरुणांनी आता होडीला यंत्र बसविण्यास प्रारंभ केला आहे. हे यंत्र होडीच्या मागच्या फळीवर अडकवितात. अलीकडे असा विचार बोलला जातो की, ते फळीवर न ठेवता फळीच्याही मागे लोखंडी अँगलची चौकट वेल्डिंग करून तिच्यावर, म्हणजे हात-अर्धा हात पाण्याच्या बाजूस, बसवावे. कोणी म्हणतो, त्याने वेग वाढतो. कोणी म्हणतो, होडीत जाळ्यास जागा मोकळी होते. कोणी वडीलधारा म्हणतो, त्याने होडी उलटेल. तिघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे तथ्य आहे. परंतु थोड्या तथ्यावर पाण्यात उतरू नये. ह्या प्रश्नाचा हिशेब मांडता येतो, आणि तो सातव्या इयत्तेच्या गणिताने मांडता येतो. तेवढाच आज मांडावा असा माझा हेतू आहे.

पालखी, कावड आणि होडी ही आपल्या भोई ज्ञातीची तीन जुनी वाहने होत. पैकी पालखी आता देवाची तेवढी उरली आहे; माळेगावच्या यात्रेत खंडोबाची निघते ती आपण सर्वांनी पाहिली आहे. कावड नळाने संपविली. होडी मात्र राहिली, इतकेच नव्हे तर धरणांमुळे तिचे क्षेत्र वाढले. पूर्वी आपले वडील गोदावरी-मानारच्या डोहांत भोपळ्यांच्या सांगडीवर पोट टेकून जाळे टाकीत. दोन वस्तू एकमेकींस जोडणे ह्या अर्थी 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आज सुशिक्षित लोक भाषणांतून सर्रास वापरतात. तो शब्द आपल्या पाण्यावरच्या तराफ्याचा आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. पुढे मानार नदी बारूळला अडविली गेली, वरच्या अंगास आपल्या तालुक्यात लिंबोटीचे ऊर्ध्व मानार धरण झाले, नांदेडजवळ असरजन येथे गोदावरीवर विष्णुपुरीचा जलाशय झाला. डोहाचे पाणी हाकेच्या अंतरात संपे. जलाशयाचे पाणी संपत नाही. वल्ह्याने तेथे सकाळ जाते आणि परतताना वारा समोरून आला तर खांदे जातात. तेव्हा यंत्र आले ते हौसेने आले नाही, गरजेने आले. त्याचे मी स्वागतच करतो.

हे यंत्र म्हणजे काय, हे प्रथम नीट पाहू. मोठ्या नौकेत इंजिन पोटात असते. आपले यंत्र होडीच्या बाहेर लटकते. म्हणूनच त्यास आउटबोर्ड म्हणतात. वर इंजिन, खाली उभा दांडा आणि दांड्याच्या तळाशी पाण्यात फिरणारा पंखा, असे त्याचे तीन भाग. सुकाणूचे कामही तेच करते. मूठ धरून यंत्र वळविले की होडी वळते. असे यंत्र बनविण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले होते. पण नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेतील मिलवॉकी शहरी राहणाऱ्या ओले एव्हिनरूड ह्या कारागिराने १९०९ साली जे यंत्र विक्रीस काढले, त्यापासून ते सामान्य माणसाच्या हाती आले. ते दीड अश्वशक्तीचे होते आणि त्याचे वजन सुमारे २८ किलो होते. त्याच्या नावाची यंत्रे २०२० पर्यंत निघत होती. आज आपल्याकडे येणारी यंत्रे त्याहून पुष्कळ बलवान आणि अर्थातच जडही आहेत. पंचवीस अश्वशक्तीचे यंत्र ५० किलोच्या आसपास भरते. हा ५० चा आकडा लक्षात ठेवावा. पुढील हिशेबास तो लागणार आहे.

यंत्राच्या दांड्याची लांबी आणि होडीच्या मागच्या फळीची उंची ह्यांची जोडी ठरलेली असते. आखूड दांड्यास फळी १५ इंच, लांब दांड्यास २० इंच, असे साधारण माप आहे. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. यंत्र फळीवरच बसविले असेल तेव्हा ही पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली यावी. ती फार वर राहिली तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो. यंत्र किंचाळते आणि होडी जागची हलत नाही. आपले तरुण ह्यास 'पंखा हवा खातो' असे म्हणतात, आणि ते वर्णन चोख आहे. फार खाली गेली तर दांडा उगाच पाणी कापीत बसतो आणि पेट्रोल जळते.

आता यंत्र मागे नेणाऱ्यांची बाजू प्रामाणिकपणे मांडतो. धावत्या होडीच्या अगदी पाठीशी पाणी खवळलेले आणि फेसाळ असते. पंखा थोडा मागे गेला की त्यास अधिक स्वच्छ, सलग पाणी मिळते आणि त्याची पकड सुधारते. शिवाय वेगाने जाणाऱ्या होडीच्या तळाखालून सुटलेले पाणी मागे किंचित वर उचलले जाते. म्हणून यंत्र आठ ते बारा इंच मागे नेले तर सुमारे एक इंच वर घेता येते, दांडा कमी बुडतो आणि वेग वाढतो. तिसरा लाभ सुरक्षिततेचा आहे. आखूड दांड्याच्या यंत्रासाठी मागची फळी मध्ये कापून खोलगट करावी लागते आणि तेथूनच लाट आत येते. यंत्र मागच्या चौकटीवर गेले तर फळी अखंड आणि उंच ठेवता येते. परदेशी कारखान्यांत ह्या चौकटीऐवजी बंद पोकळ पेटी जोडतात. ती स्वतः तरंगते आणि यंत्राचा बराचसा भार स्वतःच झेलते.

हे सर्व खरे आहे. परंतु पहिले दोन लाभ कोणास मिळतात, हे विचारले पाहिजे. ते पाण्यावर उचलली जाऊन घसरत धावणाऱ्या हलक्या होडीस मिळतात. जाळे, मासळी आणि तीन माणसे घेऊन पाणी नांगरीत संथ जाणाऱ्या आपल्या होडीस ते जवळजवळ मिळत नाहीत. संथ होडीमागे पाणी तसे उचलले जात नसल्याने, कोणाचे पाहून यंत्र एक इंच वर घेतले, तर उलट पंखा हवा खाऊ लागतो. तिसरा लाभ मात्र कोणासही मिळू शकतो. पण तो फळी खरोखर उंच केली तरच. आपल्याकडे चौकट लावतात आणि कापलेली फळी कापलेलीच राहते.

ही झाली जमेची बाजू. आता खर्चाची बाजू पाहू.

ज्यांनी कावड वाहिली त्यांस तरफेचा नियम निराळा शिकवावा लागत नाही. दोन घागरींत एक अर्धी आणि एक भरलेली असली, तर वाहणारा खांदा भरलेल्या घागरीकडे सरकवितो. जड घागर खांद्यापासून जवळ आणि हलकी लांब, असे झाले की दांडी समतोल होते. वजनास त्याच्या अंतराने गुणावे. दोन्ही बाजूंचे गुणाकार सारखे झाले की तोल साधला. पालखीतही हेच घडते. आत बसलेला मनुष्य मागे रेलला तर पालखीचे वजन एक गुंजही वाढत नाही. पण मागच्या भोयाच्या खांद्यास ते ताबडतोब कळते. ओझे तेच असते, खांदा बदलतो.

होडीस खांदे नाहीत. तिला सर्वत्र पाणी उचलून धरते. म्हणून मागे भार वाढला की होडीची पिछाडी खाली जाते आणि तोंड वर येते. किती खाली जाते, ते उदाहरणाने पाहू. पेटीसारखी सपाट तळाची एक होडी घ्या. लांबी चार मीटर, रुंदी एकशेवीस सेंटीमीटर. ही होडी एक सेंटीमीटर बुडाली म्हणजे तिने ४८ लिटर पाणी बाजूस सारले, अर्थात ४८ किलो भार उचलला. म्हणजे आपले ५० किलोचे यंत्र होडीच्या बरोबर मध्यावर ठेवले तर ती सर्वत्र सुमारे एक सेंटीमीटर बुडेल. तेच यंत्र अगदी मागच्या टोकास ठेवले तर? होडी सर्वत्र एक सेंटीमीटर तर बुडेलच; शिवाय ती झोक्यासारखी कलेल आणि त्या कलण्याने पिछाडी आणखी तीन सेंटीमीटर खाली जाईल. एकूण चार. मध्यावरचे वजन पिछाडीस एक बोट बुडवीत असेल, तर टोकावरचे तेच वजन चार बोटे बुडविते. हा चौपटीचा नियम पेटीच्या आकाराच्या होडीसाठी आहे. तोंडाकडे निमुळत्या होत गेलेल्या होडीत पिछाडी ह्याहूनही अधिक बुडते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यंत्र टोकावरून २५ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे दहा इंच, मागे नेले तर काय होईल? चारपट होते त्याचे चार आणि तीन अष्टमांश पट होईल. म्हणजे पिछाडी अर्ध्या सेंटीमीटरहूनही कमी खाली जाईल. येथे चौकटवाले तरुण म्हणतील, 'गुरुजी, मग भीती ती कसली?' त्यांचे बरोबर आहे. केवळ यंत्र मागे नेण्याने होडी बुडत नाही. हे मी मुद्दाम सांगतो. कारण खोटी भीती घातली की खऱ्या भीतीवरचाही विश्वास उडतो.

परंतु यंत्र एकटे मागे जात नाही. चौकटीचे स्वतःचे वजन असते. ते पंधरा किलो धरले तरी पिछाडी सव्वा सेंटीमीटर जाते. दुसरी गोष्ट अशी की, यंत्राची मूठ यंत्राबरोबर मागे जाते आणि मूठ धरणारा मनुष्य मुठीबरोबर मागे जातो. मनुष्य यंत्राहून जड असतो. तो दहा इंच मागे सरकला की पिछाडी आणखी अर्धा सेंटीमीटर खाली. ही तिन्ही मिळून दोन सेंटीमीटरांहून थोडी अधिक, म्हणजे एक बोटभर झाली. एका बोटाने काय होते, असे कोणी विचारील. ते बोट शेवटचे असेल तर पुष्कळ होते. म्हणून संपूर्ण जमाखर्च पाहू.

होडीची मागची फळी १५ इंच, म्हणजे ३८ सेंटीमीटर. रिकामी होडी दीडशे किलोची धरली तर ती तीन सेंटीमीटर बुडते. जाळे आणि मासळी मिळून शंभर किलो मध्यावर ठेवली, आणखी दोन. मागच्या टोकास यंत्र, चार. फळीपासून सव्वा हात पुढे पासष्ट किलोचा चालक बसला, सव्वाचार. त्याच्या पायाशी पेट्रोलची टाकी, वीस किलो, सव्वा. जाळे ओढावयास दुसरा मनुष्य त्याच्याच शेजारी येऊन उभा राहिला, आणखी सव्वाचार. आणि चौकटीचे ते बोटभर, सव्वादोन. बेरीज एकवीस सेंटीमीटर झाली. अडतिसांतून एकवीस गेले, सतरा उरले. सतरा सेंटीमीटर म्हणजे पुरती वीतही नाही. धरणावर वारा सुटला की लाटेची उंची किती होते, हे आपणांस मी सांगण्याची आवश्यकता नाही. आणि त्याच वेळी पंख्यात अडकलेले जाळे काढावयास तिसरा मनुष्य मागे धावला, तर उरलेल्या सतरांतून आणखी चार जातात.

हे जाळे अडकण्याचे प्रकरण चौकटीमुळे अधिक बिकट होते. यंत्र फळीवर असते तेव्हा ते वर उचलून पंख्यास गुंतलेली दोरी किंवा जलपर्णी होडीत बसूनच काढता येते. चौकटीवर गेलेल्या यंत्राचा पंखा हाताच्या टप्प्याबाहेर जातो. मग मनुष्य फळीवर पोट टेकून बाहेर झुकतो. म्हणजे सर्वांत जड वस्तू सर्वांत वाईट ठिकाणी, आणि तीही यंत्र बंद पडून होडी वाऱ्यावर आडवी झालेली असताना.

आणखी दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. लाटांवर होडी मागेपुढे झोके घेते. झोक्याच्या टोकाजवळ जो बसतो तो अधिक वरखाली होतो. पंखा जितका मागे तितका तो लाटेबरोबर अधिक वर येतो आणि पाण्याबाहेर पडून हवा खातो. म्हणजे वादळात, जेव्हा यंत्राची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच ते दगा देते. दुसरी गोष्ट फळीची. यंत्र फळीवर बसलेले असते तेव्हा त्याचे वजन बहुतांशी सरळ खाली जाते. तेच २५ सेंटीमीटर बाहेर लटकले की चौकटीचे वरचे बोल्ट फळीतून उपटून काढण्याचा प्रयत्न सुरू होतो. वरच्या आणि खालच्या बोल्टांत २५ सेंटीमीटर अंतर असेल, तर होडी स्थिर उभी असतानाही वरच्या बोल्टांवर ५० किलोची ओढ असते. होडी लाटेवर आदळली की ती कित्येक पटींनी वाढते. ज्या फळीने ही ओढ सोसावी म्हणून ती घडविलीच नव्हती, ती हळूहळू तडकते. गंजलेल्या पत्र्यावरचे वेल्डिंग तर सांगून तुटत नाही.

पाण्यावरचे अपघात आपल्या राज्यास नवे नाहीत. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे, कृष्णेच्या महापुरातून माणसे बाहेर काढणारी बोटच उलटली आणि सुटकेसाठी चढलेले कित्येक जीव बुडाले. त्या बोटीत फार दाटी झाली होती. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यावर कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात सापडली. सहा जणांचे प्राण गेले. ह्या बोटी यंत्र मागे नेल्याने बुडाल्या, असे मी मुळीच म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, पाण्याच्या कडेपासून होडीच्या कडेपर्यंत जे अंतर उरते, तेच प्रत्येक वादळात आणि प्रत्येक गर्दीत आपल्या गाठीचे भांडवल असते. ते आधीच खर्चून बसलेल्या मनुष्यास अडचणीच्या वेळी कोणी उसने देत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात मुखेड तालुक्यातील गावांना पुराने वेढले, तेव्हा बचाव पथकांच्या बोटींनी लोकांस बाहेर काढावे लागले. असे प्रसंग पुन्हा येणार आहेत, आणि ते आले की पोहणाऱ्याचा व होडीवाल्याचा शोध प्रथम आपल्या वस्तीत होतो. दुसऱ्याचे प्राण वाचविण्यास जाणारी आपली होडी तरी निर्दोष असली पाहिजे.

मग यंत्र मागे न्यावे की नाही? माझे उत्तर असे की, मागे जितके न्याल तितके पुढे काहीतरी न्यावे लागेल. ते नेण्याची तयारी असेल तर न्या, नसेल तर यंत्र फळीवरच राहू द्या. आणि ज्यांनी चौकट लावलीच आहे, त्यांस निराश होण्याचे कारण नाही. त्याच पेटीच्या गणितातून एक उपकारक गोष्ट निघते. होडीच्या मध्यापासून, तिच्या लांबीच्या सहाव्या हिश्श्याइतक्या पुढे जी जागा येते, तेथे ठेवलेले वजन पिछाडीस मुळीच खाली नेत नाही. आपल्या चार मीटरच्या होडीत ती जागा मध्यापासून सुमारे ६७ सेंटीमीटर, म्हणजे सव्वादोन फूट पुढे येते. होडी त्या वजनाने बुडते खरी, पण तितकीच पुढे कलत असल्यामुळे मागचे टोक होते तेथेच राहते. पेट्रोलची टाकी, मासळी आणि जाळे ओढणारा दुसरा मनुष्य, एवढे त्या जागी नेले तर मघाच्या हिशेबात पिछाडीस साडेसात सेंटीमीटर परत मिळतात. सतरांचे साडेचोवीस होतात. एक पैसाही खर्च न करता वीतभर उंची मिळाली. केवळ सामान हलविले. निमुळत्या होडीत ही जागा थोडी मागेपुढे होईल; परंतु तत्त्व तेच. मात्र सर्वच सामान अगदी तोंडाशी कोंबू नये. तोंड दबलेली होडी लाटेत नाक खुपसते आणि वळविताना ऐकत नाही.

चालकासही पुढे बसता येते. यंत्राच्या मुठीस पक्की नळी जोडून ती लांबवावी. नळी सैल असता कामा नये. मूठ सुटणे म्हणजे होडी सुटणे. यंत्र बंद करणारी जी तांबडी दोरी कारखानदार देतो, ती खिळ्यास टांगण्यासाठी नसते, चालकाच्या मनगटास बांधण्यासाठी असते. चालक पाण्यात पडला तर दोरी ओढली जाऊन यंत्र थांबते आणि होडी त्याच्यावरून फिरत नाही. चौकटीचे बोल्ट फळीच्या आरपार असावेत आणि आतल्या बाजूस रुंद पट्टी असावी, म्हणजे ओढ एका भोकावर न येता पसरते. यंत्रास स्वतंत्र साखळी असावी. वर्षातून एकदा, मृगापूर्वी, सर्व बोल्ट खोलून पाहावेत. आणि अंगात तरंगते जाकीट असावे. भोयाच्या पोरास पोहता येते, हा त्यास पर्याय नव्हे. डोक्यास मार लागलेल्या मनुष्यास पोहता येत नाही.

आता शेवटचे आणि माझ्या दृष्टीने मुख्य. हे सर्व हिशेब कागदावर राहू नयेत म्हणून प्रत्येक होडीवर एक रेघ असावी. इंग्लंडात एकेकाळी मालक लोभाने जहाजे अति लादीत आणि ती खलाशांसह बुडत. सॅम्युअल प्लिमसॉल नामक पार्लमेंटच्या सभासदाने त्याविरुद्ध झगडून १८७६ साली कायदा करविला की, प्रत्येक जहाजाच्या कुशीवर भारमर्यादेची खूण असलीच पाहिजे. परंतु ती खूण कोठे काढावी, हे त्या कायद्याने मालकावरच सोपविले होते. ज्याला अधिक लादावयाचे त्यानेच रेघ ओढावयाची, मग ती किती खाली येणार? ती कोठे असावी हे ठरविण्याचा अधिकार मालकाकडून काढून घेणारा कायदा पुढे १८९० साली झाला. ह्या चौदा वर्षांच्या अंतरात आपल्यासाठी मोठा धडा आहे.

आपली रेघ अशी काढावी. वारा पडलेल्या सकाळी होडी काठाशी, कमरेइतक्या पाण्यात उभी करावी. यंत्र बसवून, चालक, दुसरा मनुष्य, टाकी, जाळे आणि मासळीऐवजी तितक्याच वजनाची वाळूची पोती, असे सर्व नेहमीच्या जागी ठेवावे. मग मागच्या फळीचा सर्वांत सखल भाग पाण्यापासून किती उंच राहिला, ते मोजावे. माझा सल्ला असा की, पुरी एक वीत उरली नाही तर त्या दिवशी तेवढे सामान न्यावयाचे नाही. ते पुढे सरकवावे, नाहीतर कमी करावे. वीतभर खाली तांबड्या रंगाची ठळक आडवी रेघ ओढावी. ही रेघ होडीच्या मालकाने एकट्याने ओढू नये. त्या जलाशयावरच्या मच्छीमार संस्थेच्या चार सभासदांनी मिळून मोजावी आणि ओढावी, आणि यंत्र, चौकट वा होडी बदलली की पुन्हा मोजावी. संसदेने १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा केला आहे. यंत्राच्या नावांची तपासणी आणि नोंदणी हा त्याचा विषय आहे. सरकार आपल्या गतीने येईल. आपल्या घरची माणसे रोज पहाटे पाण्यावर जातात. आपण आपल्या गतीने जावे हे बरे.

आणि माताभगिनींनो, येथे मी विशेषतः आपणांस विनंती करतो. ही रेघ होडीच्या बाहेरच्या अंगास असते. आत बसलेल्या मनुष्यास ती दिसत नाही. ती काठावर उभ्या असलेल्या मनुष्यास दिसते. डबा देण्यास, मासळी उतरून घेण्यास काठावर आपणच असता. होडी निघताना तांबडी रेघ पाण्याखाली गेलेली दिसली, तर हाक मारून ती परत बोलवा. कमावता मनुष्य रागावेल, उशीर होतो म्हणेल. त्यास रागावू द्यावे. पालखी उचलताना पुढच्याने 'उचल' म्हटले तरी मागचा तयार नसेल तर पालखी उचलत नसत. तो आपल्या वाडवडिलांचा शिरस्ता होता. घर आणि होडी ह्यांनाही तोच शिरस्ता लावावा.

मंडळाने येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या वस्त्यांतील यंत्राच्या होड्यांची अशी मोजणी करवून घ्यावी, अशी सूचना मी ह्या मेळाव्यापुढे ठेवतो. खर्च रंगाच्या एका डब्याचा आहे. तरुणांनी ती मान्य करून मनावर घेतली, तर माझ्या ह्या रूक्ष व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन. 

इत्यलम्.